तिसरी टाळी

दहा पैशांचं नागमोडी कडेचं नाणं ओल्या कपाळाला चिकटतं, हे माझ्या नातवाला सांगून पटलं नाही. त्यानं ते नाणं कधी पाहिलेलंच नाही. अ‍ॅल्युमिनियमचं, पापडासारखं हलकं नाणं होतं ते. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला दहाचा आकडा. सिंह म्हणजे छापा, आकडा म्हणजे काटा. बाबा भाजीवर पाणी शिंपडायच्या बादलीत अंगठा बुडवायचे, आमच्या कपाळावरून फिरवायचे आणि त्यावर नाणं दाबून धरायचे. तीन म्हणेपर्यंत ते बसायचं. मग मान हलवायची नाही, हसायचं नाही, भुवया उडवायच्या नाहीत. माझ्या आयुष्याचं जे काही झालं ते या खेळापायी झालं, असं मी म्हणते तेव्हा घरातले माझ्याकडे म्हातारी चळली अशा नजरेनं पाहतात. पाहू देत. लिहायला मी बसले आहे, ते नाहीत.

पवनारला धाम नदीच्या काठावर आमचा भाजीचा मळा होता. वांगी, मेथी, पालक आणि सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. माझ्या पुण्याकडच्या सुनेला हे सांगावं लागलं, म्हणून इथंही सांगून ठेवते. दिवसभर नदीवरचं इंजिन धकधक करायचं, आणि ते बंद पडलं की कानात काहीतरी कमी झाल्यासारखं वाटून आम्ही सगळे एकदम वर पाहायचो. संध्याकाळी उन्हं उतरली की मेथी उपटून अंगणात ढीग टाकायचा आणि सगळ्यांनी बसून जुड्या बांधायच्या. बांधलेल्या जुड्या टोपल्यात रचून वर ओलं पोतं टाकायचं, म्हणजे पहाटेच्या पहिल्या गाडीनं बाबा वर्ध्याच्या बाजारात न्यायचे तेव्हा माल ताजा राहायचा. चुलीवर ज्वारीच्या भाकरी, तव्यात तेल-तिखटाचा भुरका, आणि विकून उरलेल्या वांग्यांची भाजी. वांगी आम्ही इतकी खाल्ली की आजही लग्नाच्या पंगतीत वांग्याची भाजी वाढायला आले की मी पानावर हात आडवा धरते.

बाबांना कोड्यांचा भारी नाद. शाळा चौथीपर्यंत, पण डोकं असं की बाजारातले भलेभले त्यांच्या पुढ्यात बसून हरायचे. वर्ध्याच्या कॉलेजात गणित शिकवणारे एक मास्तर त्यांच्याकडून भाजी घ्यायचे आणि भाजीबरोबर एक कोडं देऊन जायचे. बाबा ते गाडीत बसून सोडवायचे आणि संध्याकाळी आमच्यावर सोडायचे. एका मुठीत दहा पैसे घे, एकीत पाच. उजव्या मुठीतल्याची चौपट कर, डाव्या मुठीतल्याची तिप्पट, आणि बेरीज सांग. बेरीज ऐकली की ते पाच पैशांच्या मुठीवर टिचकी मारायचे. मी आठ दिवस झटले तेव्हा मला त्यातली सम-विषमाची गोम सापडली, आणि सापडल्यावर बाबांनी मला खांद्यावर घेऊन नदीपर्यंत नेलं. ते खोटं कशाला सांगू, मला तेव्हा त्यांच्याइतकं कोणीच आवडायचं नाही. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही त्यांची आवडती म्हण. उठता बसता ती म्हणायचे.

कपाळावरच्या नाण्यांचा खेळ हा या सगळ्यांचा राजा. माय, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा दादा आणि मी मेथीच्या ढिगाभोवती तीन बाजूंना बसायचो, प्रत्येकाच्या कपाळावर एक नाणं. मला मायचं आणि दादाचं दिसायचं, माझं मला दिसायचं नाही. तसंच त्यांचंही. बाबा आधी एकच गोष्ट मोठ्यानं सांगायचे, की तिघांपैकी एकाच्या तरी कपाळावर छापा आहे. मग टाळी वाजवायचे. ज्याला स्वतःचं नाणं कळलं त्यानं टाळीबरोबर बोलायचं, ज्याला नाही त्यानं गप्प राहायचं. समोरच्या दोघांच्याही कपाळावर काटा दिसला तर काम सोपं, छापा माझाच. पण पहिल्या टाळीला कोणीच बोललं नाही, तर समजायचं की दोन काटे कोणालाच दिसत नाहीत, म्हणजे छापे निदान दोन. आता मला एक छापा आणि एक काटा दिसत असेल, तर दुसरा छापा माझा, आणि मी दुसऱ्या टाळीला बोलणार. दुसरी टाळीही गप्पच गेली तर तिघांचेही छापे, आणि तिसऱ्या टाळीला तिघं एकदम ओरडणार. यात नाणं पाहून काहीच कळत नाही, दुसऱ्याच्या गप्प राहण्यावरून कळतं. मी टक लावून दादाच्या कपाळाकडे पाहत बसले की बाबा म्हणायचे, “कपाळाले काय पाहून राह्यली? तो चूप काऊन आहे, ते इचार.”

खेळाचा एक नियम फार कडक होता. खात्री नसताना बोलला तो गेला. नऊ वर्षांची असताना मी पहिल्याच टाळीला ‘छापा’ म्हणून ओरडले होते, उगाच, ओरडावंसं वाटलं म्हणून. माझ्या कपाळावर काटा होता. शिक्षा म्हणजे सगळ्या टोपल्या नदीवर नेऊन घासायच्या, ती मी केली, त्याचं काही नाही. पण बाबांनी ती गोष्ट बाजारात सांगितली. भाजी घ्यायला येणारी बाई मला पाहून म्हणायची, हीच का ती न पाहता छापा म्हणणारी. गावातली पोरं मला छापा म्हणून हाका मारायची. एका उन्हाळ्यात मी ते इतक्यांदा ऐकलं की कानाला खडा लावला, यापुढे पुरती खात्री झाल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. आणि तसंच वागले. पुढं बाबा लोकांना कौतुकानं सांगायचे की आमची सुमन एकदा बोलली की ते काळ्या दगडावरची रेघ.

मायचं सांगायचं राहिलं. ती शाळेची पायरी चढली नव्हती, पण या खेळात आम्हा दोघांना पाणी पाजायची. तिला हिशेब कळायचा नाही, माणसं कळायची. दादाला स्वतःचं नाणं कळत आलं की त्याचा जुडी बांधायचा हात थांबतो, हे तिनं मला एकदा विहिरीवर कानात सांगितलं. माझं काय होतं ते मात्र तिनं कधी सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, तुह्यं काहीच होत नाई, तू दगडावानी बसते. मला तेव्हा ते कौतुक वाटलं होतं.

बारावी झाले आणि मी डी.एड.चा फॉर्म भरला. त्या काळी डी.एड. झालं की पोरगी शाळेवर लागायची. खडू, हजेरी, स्वतःची छत्री आणि महिन्याच्या महिन्याला हातात स्वतःचा पगार. मला दुसरं काहीच नको होतं. पवनारच्या शाळेतल्या आमच्या बाई सायकलवर यायच्या, त्यांच्या पदराला पिन लावलेली असायची, आणि माझा बाप त्यांना ‘या बाई’ म्हणायचा. मला तशी बाई व्हायचं होतं, ज्या बाईला माझा बाप ‘या’ म्हणेल. माझी मैत्रीण निर्मला, आम्ही तिला निर्मी म्हणायचो, तिनं आणि मी एकाच दिवशी फॉर्म भरले. पालकाच्या सहीच्या जागी बाबांनी माझ्यासमोर सही केली, जिभेचं टोक बाहेर काढून, एकेक अक्षर कोरत. त्याच सुमाराला समुद्रपूरकडून माझ्यासाठी एक स्थळ सांगून आलं होतं. कापसाची शेती, एकुलता मुलगा. त्यांचं एकच म्हणणं होतं, की नोकरी करणारी पोरगी नको. बाबा माझ्यासमोर त्या लोकांना म्हणाले होते की पोरीचा नंबर लागला तर पाहू, नाही लागला तर तुमचंच घर. म्हणून मी निर्धास्त होते. माझ्या मार्कांना नंबर लागणार हे शाळेतल्या बाईंनीही सांगितलं होतं.

एका सोमवारी दुपारी निर्मी धावत मळ्यात आली. तिला मुलाखतीचं पत्र आलं होतं, गुरुवारी मूळ कागद घेऊन बोलावलं होतं. मला विचारलं, तुझं आलं का. मी म्हटलं, नाही. तीच म्हणाली, येईल, ते आडनावांच्या यादीप्रमाणे बोलावतात, कोणाला आधी कोणाला मागून. त्या संध्याकाळी जुड्या बांधताना मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की निर्मीचं पत्र आलं. बाबा म्हणाले, बरं झालं. माय काही बोलली नाही. आणि दादाही काही बोलला नाही. दादा स्वतः दोन वर्षांपूर्वी बारावी नापास झाला होता आणि माझ्या अभ्यासावर तोंडसुख घेतल्याशिवाय त्याला भाकर पचायची नाही. निर्मीचं आलं आणि माझं नाही, यावर तो दहा टोमणे मारणार, याची मी वाट पाहत होते. त्यानं एकही मारला नाही. मेथीची मुळं झटकत राहिला. मी मनात म्हटलं, हा चूप काऊन आहे? पण एकाच्या गप्प राहण्यावरून काय ठरवायचं. त्याचं पोट दुखत असेल. मी गप्प बसले.

मंगळवारी मायनं सांबारवडी केली. ज्यांनी खाल्ली नाही त्यांना काय सांगू. बेसनाच्या पातळ पोळीत सांबार, खोबरं, खसखस यांचं सारण भरायचं, वळकटी करायची आणि तळायची. कुटाण्याचं काम, सणावाराला, पाहुणे आले तरच व्हायचं. त्या दिवशी सण नव्हता, पाहुणा नव्हता. मायनं माझ्या ताटात चार वाढल्या, दादाला दोन, आणि मी खात असताना माझ्याकडे न पाहता चुलीकडे पाहत बसली. तिलाही काहीतरी माहीत आहे, हे मला तिथंच समजलं. माझ्या कपाळावर काहीतरी आहे आणि ते या दोघांना दिसतं आहे. तेव्हाच ताट सरकवून विचारलं असतं तर. पण मी हिशेब करत होते. दोघांना माहीत आहे म्हणजे पत्रच असेल असं नाही. नंबर लागला नाही असं कोणी गावात बोललं असेल आणि मला वाईट वाटू नये म्हणून हे लपवत असतील. बाबांना काही माहीत असतं तर त्यांनी सांगितलं असतं. ज्या माणसानं सही केली तो कशाला लपवेल. खात्री नव्हती. खात्री नसताना बोलला तो गेला.

बुधवारी मी फक्त बाबांवर लक्ष ठेवलं. बाबांचा स्वभाव असा की शेजाऱ्याच्या गाईला काय झालं, गोऱ्हा की कालवड, हे विचारायलाही ते वाट वाकडी करून जायचे. निर्मीचं पत्र येऊन दोन दिवस झाले, पोस्ट त्यांच्या रोजच्या वाटेवर, आणि त्यांनी माझ्या पत्राची चौकशी केली नव्हती. संध्याकाळी जुड्या बांधायला बसलो. तीन दिवस नाणी निघाली नव्हती, म्हणून मीच उठून कोनाड्यातून तीन नाणी आणली आणि त्यांच्यापुढे धरली. बाबांनी ती पाहिली. म्हणाले, “आज नको. हात ओले आहेत माहे.” त्यांचे हात रोजच ओले असायचे. ओल्या हाताशिवाय हा खेळच नव्हता. मी नाणी परत कोनाड्यात ठेवली, आणि ठेवता ठेवता मला सगळं कळलं. पत्र आलेलं आहे, ते बाबांजवळ आहे, आणि तिघांनाही माहीत आहे. आता पक्की खात्री झाली. आणि देवाशप्पथ सांगते, त्या क्षणी मला दुःखाआधी आनंद झाला, कोडं सुटल्याचा. त्या आनंदाची मला अजून शरम वाटते. रात्री जेवून झोपले. उद्या सकाळी, बाबा बाजारातून आले की, शांतपणे सांगायचं असं ठरवलं.

गुरुवारी बाबा आले, भाकर खाऊन मळ्यात गेले. मी मागोमाग गेले. ते वाफ्यात उकिडवे बसून गवत काढत होते. मी विचारलं नाही, सांगितलं. “बाबा, माह्यं पत्र तुमच्यापाशी आहे.” त्यांनी हातातलं गवत बाजूला टाकलं, हात धोतराला पुसले, आणि बंडीच्या आतल्या खिशातून चार घड्या केलेलं पत्र काढून माझ्यापुढे धरलं. नाही म्हणाले नाहीत, कोणतं पत्र म्हणाले नाहीत. पत्र द्यायच्या आधी विचारलं, “कवा समजलं तुले?”

“काल सांजच्याले.”

“म्हंजे तिसऱ्या दिवशी,” बाबा म्हणाले.

आणि त्यांच्या तोंडावर, मी पुसट शब्दांत लिहिणार नाही, त्यांच्या तोंडावर शाबासकी होती. मी पत्र उघडलं. शनिवारी गावात आलेलं होतं. पोस्टमननं रस्त्यात दादाच्या हातात दिलं, दादानं बाबांच्या. मुलाखतीची तारीख बुधवारची होती. सकाळी अकरा वाजता, मूळ प्रमाणपत्रांसह.

मी तशीच, मातीच्या पायांनी, कागदांची पिशवी घेऊन वर्ध्याच्या गाडीत चढले. निर्मी त्याच गाडीत होती, केसांना तेल लावून, तिची आई सोबत. मी त्यांच्याशी काय बोलले ते मला आठवत नाही. तिथला कारकून भला माणूस होता, त्याला मी कधी दोष दिला नाही. त्यानं यादी काढून माझ्या नावावर बोट ठेवलं आणि म्हणाला की बाई, काल तीन वाजेपर्यंत थांबलो, नाव दोनदा पुकारलं, मग खालच्या मुलीला घेतलं. ती मुलगी काल संध्याकाळीच कागद जमा करून गेली होती. म्हणजे मी कोनाड्यात नाणी ठेवत होते, तोवर माझी जागा भरून झाली होती. बैल गेला नि झोपा केला, म्हणतात ते असं. मी घरी आले. मायनं ताट झाकून ठेवलं होतं. ताट भिरकावून दिलं असं लिहायला मला आवडलं असतं, पण मी जेवले. भूक लागली होती.

चार महिन्यांनी माझं लग्न झालं. समुद्रपूरच्या घराबद्दल मला वाईट लिहायचं नाही. नवरा मारकुटा नव्हता, सासूबाईंनी मला उपाशी ठेवलं नाही. कापूस वेचताना बोटांना बोंडांचे काटे लागतात, त्याची सवय होते. निर्मी शिक्षिका झाली, पुढं हेडमास्तरीण होऊन निवृत्त झाली. तिच्या निरोपाच्या समारंभाला तिनं मला आवर्जून बोलावलं आणि मी गेले. विद्यार्थी रांगेनं तिच्या पाया पडत होते. मी मागच्या खुर्चीवर बसून चिवडा खाल्ला. तिच्यापेक्षा मला मार्क जास्त होते, हे त्या मंडपात फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. मत्सर वाटला का, तर वाटला, आणि अजून वाटतो.

लग्नानंतर कित्येक वर्षं मी या विषयावर माहेरी एक शब्द काढला नाही. मग माझी मुलगी नागपूरला शिकायला निघाली तेव्हा बाबा तिला भेटायला वांग्यांची पिशवी घेऊन आले, आणि ओट्यावर चहा पिता पिता आपणहून बोलले. “मी तीन दिवस वाट पाह्यली तुही. निर्मीचं पत्र आलं म्हणून तू सांगतलं, तवा मले वाटलं आता इचारते. नाई इचारलं. मंगळवारी नाई, बुधवारी नाई. एक डाव इचारलं असतं तं खिशातून काढून देल्लं असतं. मले वाटलं, पोरीले समजलं आहे, अन् तिले मंजूर आहे.” मी बशीतला चहा बशीतच ठेवला. पुढच्या खेपेला माहेरी गेले तेव्हा मायला विचारलं. ती म्हणाली, तू बापाला विचारलं असतं तर मी तुझ्या बाजूनं बोलले असते, आधी कशी बोलू. दादाला विचारलं. तो म्हणाला, मायनं तोंड उघडलं असतं तर मी सांगणार होतो. ताकाला जाऊन भांडं लपवणारी ही तीन माणसं, आणि त्यांना बोलतं करायला माझा एक प्रश्न पुरला असता, असं तिघांचंही म्हणणं.

गेल्या दिवाळीत नातवानं मला मोबाईलवर एक कोडं दाखवलं, टोप्या घातलेल्या तीन कैद्यांचं. मी डाळ निवडता निवडता सोडवलं. तो उडालाच. मग मला समजावून सांगू लागला, की आजी, यात खरी गंमत पहिल्या वाक्यात आहे. एकाच्या तरी डोक्यावर लाल टोपी आहे, हे तिघांनाही दिसतंच असतं, तरी ते कोणीतरी सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलावं लागतं. ते बोललं गेलं नाही तर पुढच्या गप्प राहण्याला काही अर्थच नाही. कोणी किती का वेळ गप्प बसेना, कोणालाच काही ठरवता येत नाही. पोरगं विशीतलं, त्याला काय माहीत आपण काय बोलतो आहोत. आमच्या अंगणात त्या तीन दिवसांत पहिलं वाक्य कोणी बोललंच नव्हतं. पत्र आलं आहे, एवढं वाक्य. ते बोलणं बाबांचं काम होतं, नेहमी त्यांचंच असायचं. ते न बोलता त्यांनी माझं गप्प राहणं मात्र मोजलं आणि त्याचा अर्थ लावला.

की लावलाच नाही? एवढ्या एका गोष्टीवर मी चाळीसहून जास्त वर्षं घालवली आहेत. बाबा खरं बोलले असतील, तर मीच माझ्या तोंडानं, म्हणजे न उघडलेल्या तोंडानं, माझी जागा सोडली. खोटं बोलले असतील, तर त्यांना पक्कं माहीत होतं की ही पोरगी खात्री करायला तीन दिवस घेईल, कारण ती सवय त्यांनीच लावली होती, आणि मुलाखत बुधवारी होती. दोन्ही बाजूंनी पुरावा सारखा आहे. मी दुसरंच खरं धरते. पहिलं धरलं तर रात्री अंथरुणाला पाठ लागत नाही.

बाबा शेवटी शेवटी दादाच्या घरी खाटेवर होते. डोकं शाबूत होतं, पाय गेले होते. मी भेटायला गेले तेव्हा उशाशी माय लसूण सोलत बसली होती. इकडचं तिकडचं बोलणं झालं, पाऊसपाणी, माझ्या नवऱ्याचा गुडघा. मग ते भिंतीकडे पाहत म्हणाले, “एक डाव सांगून दे, सुमन. तुले मंजूर होतं ना तवा?”

मायनं हात थांबवला. माझ्याकडे पाहून तिनं मान हलवली, दोनदा, हो म्हण, हो म्हणून टाक. काही मोठं नव्हतं ते. एका अक्षराचा शब्द, खोटा असता, पण त्यानं त्या माणसाला बरं वाटलं असतं, आणि माझं जायचं ते केव्हाच गेलेलं होतं. बाबांनी मान वळवली आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मी त्यांच्या पायांवरची गोधडी सारखी केली, तांब्यात पाणी आहे का ते पाहिलं, आणि मायला म्हटलं की माझी गाडीची वेळ झाली.

त्यानंतर बाबा नऊ दिवस होते. दादाचे दोनदा फोन आले, येऊन जा म्हणाला. मी गेले नाही.